छातीवर पुठ्ठा शिवू नका

आज सकाळी २४० टी-शर्टांचा गठ्ठा दुरुस्तीला आलाय, तेव्हापासून डोकं तापलंय. एका कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसांसाठी शिवलेले. कापड १४० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम) ड्रायफिट, घाम लवकर सुकवणारं पातळ कापड, आणि त्यावर लोगोचा ९ बाय ५ सेंटीमीटरचा निळा चौकोन, एम्ब्रॉयडरीने कडेपासून कडेपर्यंत भरलेला. १४ हजार टाके! एका धुण्यात चौकोनाभोवती चुण्या पडल्या आणि छातीवर पुठ्ठा चिकटवल्यासारखं दिसायला लागलं.

म्हणे एम्ब्रॉयडरी काढून नवी घाला. अहो, काढली की भोकं राहतात. ड्रायफिटवर ती बुजत नाहीत.

हे का झालं ते समजून घ्या. प्रत्येक टाका कापडाला थोडा ओढतो. दोरा ताणला जात नाही, होजिअरी, म्हणजे टी-शर्टाचं जाळीचं कापड, ताणलं जातं. वर फ्रेममध्ये टी-शर्ट ढोलकीसारखा ताणून बसवला, की फ्रेम काढल्यावर कापड मूळ जागी येतं आणि टाके तिथेच राहतात. झाल्या चुण्या. या टी-शर्टांना तर आतून टाक्यांच्या आधाराला फाडायचा पेपर लावला होता, जो नंतर फाडून काढतात. तो उभ्या-आडव्या धाग्यांच्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला चालतो. होजिअरीला कापायचा पेपरच लागतो, जो कडेने कातरला तरी टाक्यांखाली कायम राहतो. सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची हवी, नाहीतर जाळीचा दोरा तुटून बारीक भोकं पडतात. मशीनही हजार टाक्यांवर पळवू नका, मिनिटाला ६००-७०० पुरे.

पण खरी चूक मशीनवर झालीच नाही. ती झाली ऑर्डर देताना. व्हॉट्सअ‍ॅपवर लोगोचा फोटो पाठवला आणि "असाच हवा" म्हणून सांगितलं. तोच निळा चौकोन न भरता टी-शर्टचाच रंग मागे ठेवला असता, तर अक्षरं आणि कडेची रेघ मिळून पाच हजार टाक्यांत काम झालं असतं. भाव हजार टाक्यांवर लागतो, म्हणजे पैसेही वाचले असते. भरीव लोगोच हवा असेल तर कापड बदला: २२० जीएसएमचं मॅटी (कॉलरच्या टी-शर्टांचं जाड जाळीदार कापड) घ्या, नाहीतर टी-सी ट्विलचा, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटनच्या तिरप्या विणीचा शर्ट.

आणि ती खालची ओळ! चौकोनाखाली विभागाचं नाव मराठीत, उंची जेमतेम ४ मिलीमीटर. वाचून दाखवा मला. इंग्रजी कॅपिटल अक्षर नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्यात ५ मिलीमीटरपर्यंत निघतं. देवनागरीला वर रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणून मी ८ च्या खाली जात नाही. अनुस्वार म्हणजे दोन-तीन टाक्यांचा ठिपका, मॅटीच्या जाळीत तो बुडून जातो. ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५ ची बारीक सुई घेतली तर थोडं लहान जमतं, वर पाण्यात विरघळणारी फिल्म टाकली तर टाके वर राहतात. मराठीत नाव घालायची हौस मला आवडते, मनापासून आवडते. पण मग त्याला जागा द्या.

प्रिंट स्वस्त पडतं, हो, मान्य. एका दिवसाच्या कार्यक्रमाला प्रिंटच करा, पाठीवरच्या मोठ्या नावालाही प्रिंटच, कारण २५ सेंटीमीटरची भरीव एम्ब्रॉयडरी घामात अंगाला चिकटते. पण आठवड्याचे सहा दिवस घालायच्या जाड शर्टावर छातीशी एम्ब्रॉयडरीच. दोरा मात्र पॉलिएस्टर मागा. रेयॉनला चकाकी जास्त, पण ब्लीचच्या पाण्यात त्याचा रंग उडतो. वेल्डिंगवाल्यांच्या आग-रोधक कपड्यांवर पॉलिएस्टरसुद्धा नको, तो वितळतो. तिथे अरामिडचाच, म्हणजे आगीत न वितळणारा दोरा. रेनकोटवर सुई चालवाल तर प्रत्येक भोकातून पाणी आत येईल.

गठ्ठ्यातला एक टी-शर्ट उलटा करून आतून हात फिरवला. कडेचा पेपर टोचतो. आठ तास तो कुणाच्यातरी छातीला घासणार होता. आतून इस्त्रीने चिकटणारं मऊ अस्तर मिळतं, ते लावायला किती वेळ लागतो? बायकांच्या मापातही लोगो पुरुषांच्याच मापाने खाली लावलाय, त्यांना अवघडल्यासारखं होणार. या गोष्टी कोटेशनमध्ये दिसत नाहीत. खरेदी बघणाऱ्यावर तीन कोटेशनं आणि महिनाअखेरीचा दाब असतो, तेही कळतं मला. त्याच्यावर राग नाही.

फक्त एक करा. ज्या कापडावर माल निघणार, त्याच कापडावर एक नमुना काढून मागा. तो पाच वेळा धुवा, मगच पुढचे शिवायला सांगा. पंचिंगचे, म्हणजे लोगोचं टाक्यांत रूपांतर करण्याचे पैसे तुम्ही देता, तर मशीनला लागणारी डीएसटी फाईल मागून घ्या. त्या फाईलमध्ये दोऱ्याचे रंग नसतात, म्हणून रंगाचे नंबर कागदावर वेगळे लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षीचा निळा वेगळाच निघेल.

या २४० चं काय? वरून बिल्ला शिवता येईल का, असं विचारलंय त्यांनी. चुण्यांवर बिल्लाही सपाट बसणार नाही. उद्या फोन करून नाही म्हणणार आहे. नव्या लॉटसाठी भरीव चौकोन वगळून पंचिंग करून ठेवलंय, ४,८०० टाके. मॅटीचा एक तुकडा सध्या बादलीत भिजतोय.