मिठागर भरतीच्या वेळी पाहा

पूर्व द्रुतगती महामार्गावरून मुलुंडकडे येताना खाडीच्या बाजूला जी मोकळी, सपाट जमीन दिसते, तिला हल्ली सर्रास ‘पडीक’ म्हटले जाते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी राज्याकडे सोपवण्यास मंजुरी दिली, तेव्हापासून हा शब्द माझ्या कानांवर अधिकच येतो. मी मुलुंड पूर्वेला राहते आणि या बांधकामाला माझा स्पष्ट विरोध आहे. पण ‘तिथे काही बांधू नका’ एवढेच मागून ही मिठागरे वाचणार नाहीत, हे सांगण्यासाठी मी आज लिहीत आहे.

मिठागर ही निसर्गाने दिलेली जागा नाही, ती माणसांनी घडवली आहे. ज्या आगरी समाजाच्या नावातच ‘आगर’ आहे, त्याच्या कित्येक पिढ्यांनी खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत, बांध घातले, उधाणाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, आत घेतले आणि ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे उन्हात आटवत नेले. पहिल्या साठवणीत पाणी समुद्राइतकेच खारट असते, म्हणून तिथे लहान मासे आणि कोळंबी असते. पुढच्या वाफ्यांत मासे तग धरत नाहीत, पण अतिखारट पाण्यातले सूक्ष्म शेवाळ आणि आर्टेमिया हा इवलासा कवचधारी जीव वाढतो. आणि शेवटच्या वाफ्यात, मीठ धरायच्या आधी, पाण्यावर गुलाबी-तांबूस झाक येते. एकाच शिवारात खारटपणाच्या इतक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर वेगळे जीवन, हे केवळ उघाडी वेळेवर उघडण्या-मिटण्यामुळे घडत होते. आमच्या शेजारचे एक आजोबा तरुणपणी भांडुपच्या आगरात कामाला होते. पावसाळा सरला की सारे जण वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करत, नाहीतर पाणी जिरून जाई, असे ते सांगतात.

आता या पट्ट्यात मीठ पिकवणे बहुतेक थांबले आहे. मागच्या हिवाळ्यात मी एका जुन्या उघाडीजवळ उभी होते. फळ्या कुजून अर्ध्या झाल्या होत्या, खाचेत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गाळ घट्ट बसला होता, आणि आतल्या वाफ्याची जमीन भेगाळून तिच्या कडा वर वळल्या होत्या. शंभरएक पावलांवर दुसरा बांध फुटला होता. तिथे रोजची भरती थेट आत शिरत होती आणि तिवरांची रोपे दाटीने उगवली होती. तिवरे मलाही प्रिय आहेत, खाडीकाठाला ती हवीतच. पण उघड्या, उथळ पाण्याच्या जागी सगळीकडे तिवरेच झाली, तर ज्या पक्ष्यांना चहूकडे नजर टाकता येईल अशी मोकळी जागा लागते, ते तिथे उतरत नाहीत. म्हणजे बांध शाबूत राहून उघाडी तुंबली तर वाफा वाळून जातो, बांध फुटला तर त्याचे रान होते, आणि दोन्हीकडे रात्री राडारोडा टाकणाऱ्यांचे फावते.

मिठागराचे मोल कळायला तिथे भरतीच्या वेळी जावे लागते. ठाणे खाडीतले पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरतीने तो चिखल झाकला की त्यांना बसायला जवळपास कोरडी किंवा घोट्याएवढ्या पाण्याची जागा हवी असते. तेव्हा शेकाटे, तुतवार, चिखले थव्याथव्याने वाफ्यांत येतात आणि लालभडक लांब पायांपैकी एक पोटाशी घेऊन शेकाटे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. ओहोटीला तोच वाफा रिकामा असतो. त्या वेळी पाहणीला आलेल्या माणसाला तो पडीकच दिसणार. खाडीच्या काठाला २०१५ मध्ये आपण फ्लेमिंगो अभयारण्य केले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण अभयारण्याच्या हद्दीत चरणाऱ्या पक्ष्यांनी भरतीचे काही तास कुठे काढायचे, याचे उत्तर हद्दीबाहेरच्या जागांवर अवलंबून आहे.

कायदा इथे आडवा येतो. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. मीठ पिकवणेच थांबले असताना केवळ मूळ हेतूवरून त्या जागेला संरक्षण नाकारणे मला अन्यायाचे वाटते. पाण्याची वाट बंद झाली की काय होते, हे नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावाने २०२४ मध्ये दाखवले. भरतीचे पाणी अडले, तळे आटून शेवाळले, आणि फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात २००३ मध्ये सरकारने सुमारे १५,१०० एकर मिठागरे घेतली आणि काही भाग भरतीसाठी खुला केला, तर काही वाफे पक्ष्यांसाठी पाणी राखून मुद्दाम तसेच ठेवले. कोणता वाफा कशासाठी, हे तिथे ठरवले गेले.

धारावीच्या माणसांना चांगले घर मिळालेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस मुंबईत कोण विसरेल? भरती असताना पावसाचे पाणी खाडीत उतरत नाही, आणि अशा वेळी ते साठवून धरणाऱ्या सखल जागांत मिठागरे येतात. तिथे भराव टाकून गरिबांना राहायला पाठवणे म्हणजे त्यांना पुराच्या तोंडी देणे आहे, शिवाय त्यांच्या शेजारच्या वस्त्यांनाही.

म्हणून मागणी दोन गोष्टींची असावी. बंद मिठागरांना पाणथळ म्हणून संरक्षण मिळावे, आणि ज्यांना उघाडी कशी चालवायची हे अजून ठाऊक आहे, त्या आगरी कुटुंबांतल्या माणसांना पगार देऊन बांध व उघाड्यांच्या देखभालीवर नेमावे. शेजारचे ते आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत. मोडलेल्या उघाडीचा फोटो मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी आधी विचारले, ‘फळी कोणत्या बाजूने कुजली आहे, खाडीच्या की आतल्या?’ मला ते पाहायचे सुचलेच नव्हते. येत्या रविवारी मोठ्या भरतीची वेळ पाहून मी पुन्हा जाणार आहे. कोणाला यायचे असल्यास खाली कळवावे.