खारूताईची शेपटी आणि शेवटचा हात

कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक रंगांत खारीचं उठावाचं चित्र सुरू करायला हौस पुरते. संपवायला स्वभाव लागतो, आणि तो रंगाच्या नळीत मिळत नाही.

सगळा तंटा शेपटीचा. तिचा उठाव मॉडेलिंग पेस्टने येतो, म्हणजे अ‍ॅक्रिलिक बाइंडरमध्ये (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात) कालवलेली संगमरवराची भुकटी. पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, ती थापताना हात आवरत नाही आणि तिथेच घात होतो. थर 2-3 मिलिमीटरच्या वर गेला की वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं पाणी मागाहून निघतं, आतला भाग आकसतो आणि खारूताईंच्या शेपटीला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. घाईची मंडळी हेअर ड्रायर फिरवतात. त्याने भेगा लवकर पडतात, एवढाच फायदा. पातळ थर द्या, रात्रभर वाळवा, मग पुढचा. केसांच्या रेघा मात्र पेस्ट ओली असतानाच जुन्या कंगव्याने मुळाकडून टोकाकडे ओढाव्यात. उलट ओढल्या, तर वारा कुठून सुटलाय याचा खुलासा जन्मभर करत बसावं लागतं.

पेस्ट रंग पिते, म्हणून वाळलेल्या शेपटीवर आधी ग्लॉस मीडियमचा (बिनरंगी, चकचकीत अ‍ॅक्रिलिक द्रवाचा) एक हात. मग ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पारदर्शक करणाऱ्या द्रवात) पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, खाचांत सोडायचा आणि उंचवट्यांवरचा लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. तो वाळला की कोरडा ब्रश: पहिल्यांदा पिवळसर तपकिरी रॉ सिएना, नंतर टायटॅनियम व्हाइट (पांढरा) मिसळलेला मातकट पिवळा यलो ऑकर. ब्रश इतका पुसावा की यात आता रंगच उरला नाही असं वाटावं. तेव्हा तो कामाला तयार होतो. रेघांना आडवा, हलकेच फिरवला की फक्त केसांच्या कडा रंग धरतात.

थांबायचं ते इथे. कोणी थांबत नाही. ओला बाइंडर दुधाळ असतो, वाळून पारदर्शक होतो, त्यामुळे संध्याकाळी उजळ दिसलेली खार सकाळी सावळी निघते. मग आणखी एक हात, त्यावर आणखी एक, असं करत खाचा बुजतात आणि एवढ्या मेहनतीची शेपटी सपाट पिवळी होते. माझं स्पष्ट मत आहे की या टप्प्यावर घरातल्या कुणीतरी ब्रश लपवून ठेवावा.

डोळ्याला नळीतला काळा नको; बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. पांढरा ठिपका एकच, उजेड येतो त्या बाजूला. दोन दिले की बाई रडवेल्या दिसतात. मिशांसाठी लायनर ब्रश (लांब केसांचा, बारीक) आणि शाईइतका पातळ रंग. मुळापासून बाहेर ओढत शेवटी ब्रश उचलायचा. मिशी दुरुस्त होत नाही, फक्त जाड होते.

आता व्हार्निश, म्हणजे चित्र राखणारा शेवटचा पारदर्शक हात. जाड पेस्टला दोनेक आठवडे तरी द्या. मॅट (बिनचमकीचं) व्हार्निश खाचांत साचलं की पांढुरकं वाळतं आणि खारीला अकाली म्हातारपण येतं. ब्रशने घासलं तर वर फेसाचे बुडबुडे. त्यापेक्षा 25-30 सेंटिमीटरवरून स्प्रेचे पातळ हात, दर वेळी दिशा बदलून. नाहीतर प्रत्येक केसाची एक बाजू कोरडी राहते.

सही त्याआधी उरकायची. पण सहीपुरता सपाट कोपरा पेस्ट थापताना कुणाला आठवतो? उंचवट्यांवर अक्षरं धडपडतात, नाव वाचता येत नाही. कॅनव्हासच्या कडेवर करा. तीही रंगवायची राहिलेलीच असते.