बाँडचं एक वर्ष आणि पुढची तीस

इंटर्नशिपचे शेवटचे महिने आले की धुळ्याच्या चक्करबर्डीत काय किंवा जळगाव-नंदुरबारच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत काय, मुलांच्या तोंडी दोनच गोष्टी असतात. नीट-पीजीला, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला, रँक किती येईल, आणि बाँडचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एक वर्षाच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, पोस्टिंग कुठे लागेल. बाहेर मात्र याच दोन गोष्टींवरून भांडण पेटलेलं असतं. सरकारच्या पैशावर शिकले, मग एक वर्ष खेड्यात राहायला यांना काय होतं, असं एक बाजू म्हणते. साडेपाच वर्षं रक्त आटवून शिकलेल्या पोरांना कुठेतरी डोंगरात नेऊन टाकायचं ही शिक्षा आहे, असं दुसरी म्हणते. आमच्या घरच्या ग्रुपवरही हे रंगतं, कारण माझी भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिने पुढे काय करावं याबद्दल शहाद्यापासून पुण्यापर्यंत प्रत्येक काका-मामाकडे मत आहे.

मी शहाद्याची. धुळ्याला शिकले, बाँड सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केला, आणि आता ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या आतल्या भागातल्या एका छोट्या सरकारी रुग्णालयात काम करते. त्यामुळे ग्रुपवर माझं मत एका वाक्यात उडवलं जातं: तू तर गेलीस, तुला काय. पण मी गेले कुठे, हे कुणी विचारत नाही. मी खेड्यातच गेले. माझ्याबरोबर इथे काम करणारे आंध्रातले, केरळातले, पंजाबातले डॉक्टरही खेड्यातच आहेत. क्वीन्सलँडमधल्याच माउंट आयझा गावाहून मोठं रुग्णालय गाठायचं तर टाउन्सव्हिल, म्हणजे साधारण 900 किलोमीटर. त्यापुढे सातपुड्यातल्या धडगावहून नंदुरबारचं अंतर काहीच नाही. जे भारतीय डॉक्टर धडगाव-मोलगीच्या नावाने घाबरतात, तेच इथल्या याहून कितीतरी एकाकी गावांत मुलाबाळांसह वर्षानुवर्षं राहतात. या एका गोष्टीचा नीट विचार केला तर आपल्याकडचं निम्मं भांडण गळून पडेल असं मला वाटतं.

आणि इथेही आम्ही स्वखुशीने आलेलो नाही. 1997 पासून ऑस्ट्रेलियाचा नियम असा आहे की परदेशात शिकलेल्या डॉक्टरला दहा वर्षांपर्यंत टंचाईच्या भागातच काम करावं लागतं, नाहीतर सरकारी विमा योजनेतून, म्हणजे मेडिकेअरमधून, त्याच्या रुग्णांना पैसे मिळत नाहीत. अतिदुर्गम भागात गेलं तर ही मुदत निम्म्यापर्यंत कमी होते. महाराष्ट्रातला बाँड एक वर्षाचा, हा दहा वर्षांचा. यावर कुरकुर आहे आणि काही बाबतींत ती रास्तही आहे. पण दहा वर्षं पूर्ण झाल्यावरही अनेक जण त्याच गावात राहतात. तेव्हा सक्ती वाईट की चांगली एवढ्यावर वाद थांबवून चालणार नाही. सक्तीने नेलेल्या माणसाला तिथे गेल्यावर काय सापडतं, ते बघायला हवं.

मला सातपुड्यात काय सापडलं ते सांगते. माणसं सापडली, फार चांगली. पावरा आणि भिल्ल बायकांची बोली मला येत नव्हती, एएनएम ताई, म्हणजे केंद्रातल्या आरोग्यसेविका, दुभाषी व्हायच्या. एएनएम आणि आशा यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. सापडली नाही ती एकच गोष्ट: माझ्याहून जास्त येणारा कुणीतरी. रात्री बाळंतपण अडलं, पोर निळं पडलं, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा मुलगा वेदनेने तळमळत आणला, तर विचारायचं कुणाला? महाविद्यालयात प्रत्येक वॉर्डात आमच्या वर रेसिडेंट, त्याच्या वर लेक्चरर, त्याच्या वर प्रोफेसर. आणि पदवी हातात पडल्याबरोबर, म्हणजे आयुष्यात सर्वात कमी येत असतं त्या क्षणी, आम्हाला जिल्ह्यातल्या सर्वात अवघड जागी एकटं बसवलं. मग हातात राहतं रेफर करणं. पावसाळ्यात घाट बंद असला की तेही नाही. 2021 च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदसैली घाटात दरड कोसळली तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला होता, ती वाटेतच गेली. असं वाचलं की तिथे बसलेल्या एकट्या एमओचं, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याचं, काय होत असेल ते मला कळतं. तो रात्री पुस्तक उघडतो आणि नीट-पीजीचे एमसीक्यू सोडवतो, कारण तिथून सुटायला तेवढीच वाट त्याला दिसते. त्याला मी दोष देणार नाही.

आपल्या व्यवस्थेनेही त्याला हेच शिकवलं. कित्येक वर्षं 10 लाख रुपये भरून बाँडमधून सुटता येत होतं. ज्याच्या घरी पैसे होते तो सुटला, ज्याच्या बापाची केळीची बाग त्या वर्षी करप्याने किंवा वादळाने गेली तो धडगावला गेला. पुढे सरकारने ती पळवाट आवळत नेली, ते चांगलं केलं. दुर्गम भागात काम करणाऱ्या सरकारी डॉक्टरांना पीजीच्या प्रवेशात वर्षाला 10 टक्के, जास्तीत जास्त 30 टक्के जादा गुण देण्याची तरतूद झाली. तीही हेतूने चांगली. पण तिचा अर्थ बघा. डोंगरात चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणजे डोंगर सोडून जायची संधी. तिथेच राहून मोठं होण्याला आपण काहीच देत नाही.

क्वीन्सलँडने नेमकं तेच दिलं, आणि ते त्यांनाही सहज सुचलेलं नाही. विसेक वर्षांपूर्वी इथल्या गावांतले डॉक्टर झपाट्याने कमी होत होते. 2005 मध्ये रोमा नावाच्या आतल्या गावात सरकार आणि डॉक्टर बसले आणि ग्रामीण डॉक्टरीलाच स्वतंत्र कारकीर्द करायचं ठरलं. 2007 पासून तसं प्रशिक्षण सुरू झालं. यातला डॉक्टर फॅमिली डॉक्टरचं काम शिकतो, आणि वर एक जादा कौशल्य घेतो: सिझेरियन, भूल, मानसिक आरोग्य किंवा आदिवासी समाजाचं आरोग्य. ऑस्ट्रेलियातल्या ग्रामीण डॉक्टरांचं स्वतःचं कॉलेज 1997 पासून आहे, त्याची फेलोशिप साधारण चार वर्षांची. पगार शहरातल्या तज्ज्ञाच्या जवळपास आणून ठेवला. 'नुसता एमबीबीएस' असं आपल्याकडे ज्या सुरात म्हणतात तो सूर अशा डॉक्टरसाठी इथे कुणी लावत नाही. छोट्या गावात लग्न, शाळा, बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी हे प्रश्न त्यानेही सुटत नाहीत, पण माणूस निदान स्वतःला अडकलेला समजत नाही.

यावर भारतात लगेच उत्तर येतं की ते श्रीमंत देश, त्यांच्याकडे विमानं आहेत. विमानं आहेत, खरं आहे. फ्लाइंग डॉक्टर सेवा 1928 मध्ये क्लोनकरीतून सुरू झाली, आणि तिच्याशिवाय माझं रुग्णालय चालणार नाही. पण रोमात जे ठरलं त्यातला मोठा भाग विमानाचा नव्हता, दर्जाचा आणि शिकवण्याचा होता, आणि त्याचे तुकडे आपल्याकडे अगोदरपासून पडलेले आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरला 18 आठवड्यांत जीव वाचवण्यापुरती भूल द्यायला शिकवण्याचा कार्यक्रम कधीपासून आहे. अडलेल्या बाळंतपणात सिझेरियन करण्याचं 16 आठवड्यांचं प्रशिक्षणही आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने 2020 च्या सुमारास जिल्हा रुग्णालयांसाठी एमबीबीएसनंतरचे दोन वर्षांचे डिप्लोमा सुरू केले, त्यांत भूल आहे, प्रसूती आहे, बालरोग आहे, फॅमिली मेडिसिनही आहे. पीजीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं बंधनकारक झालं आहे. म्हणजे विटा आहेत. त्या जोडून नंदुरबारला एक घर कुणी बांधलेलं नाही.

कल्पना करा की अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रातल्या बाँडच्या डॉक्टरला सांगितलं: पहिले सहा महिने तू नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात प्रसूती, बालरोग आणि भूल यांच्या तज्ज्ञांच्या हाताखाली काम करशील, मगच डोंगरात जाशील. डोंगरात तुझ्यासोबत दुसरा डॉक्टर असेल. नंदुरबारचा एक ठरावीक तज्ज्ञ रात्री तुझा फोन उचलेल, ते त्याच्या ड्युटीतच धरलेलं असेल. तुझी ही वर्षं डिप्लोमात मोजली जातील. पाच वर्षं राहिलास तर तुझा पगार आणि हुद्दा जिल्ह्यातल्या तज्ज्ञाइतका होईल. यातलं काहीही विमानाने आणायचं नाही. हे जीआर काढून होणारं काम आहे, आणि ते होत नाही याचा मला राग येतो.

भांडणात दुसरी एक गोष्ट सुटते. खेड्यात कोण राहतो? इथल्या वैद्यकीय शाळांनी निदान 25 टक्के विद्यार्थी ग्रामीण भागातले घ्यावेत असं उद्दिष्ट सरकारने निधीला जोडलं, कारण खेड्यात वाढलेला डॉक्टर खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांत जवळपास सात आदिवासी. नंदुरबारच्या महाविद्यालयात अक्राणीची, तळोद्याची किती मुलं असायला हवीत, हा प्रश्न जिल्ह्याने विचारायला हवा. अनुसूचित जमातीचं आरक्षण आहे, ते राज्यभराचं. नीटच्या कोचिंगला लातूर-कोटा गाठू शकणाऱ्या घरांनाच त्याचा फायदा जास्त मिळतो. जी मुलगी पावरी बोलते, सिकलसेल जिच्या घरात आहे, ती डॉक्टर झाली तर तिला दुभाषी लागणार नाही.

ऑस्ट्रेलियाला मी डोक्यावर घेत नाही. क्वीन्सलँडमधल्या कितीतरी गावांतले प्रसूती विभाग बंद झाले आणि बायकांना शेकडो किलोमीटर जाऊन बाळंत व्हावं लागतं. आदिवासींचं सरासरी आयुर्मान इतरांपेक्षा अजूनही आठेक वर्षांनी कमी आहे. आणि इथल्या गावांना लागणारे डॉक्टर गरीब देशांतून येतात, म्हणजे माझ्यासारख्यांकडून. एका टंचाईची भरपाई दुसऱ्या टंचाईतून होते. हे बरोबर नाही, आणि मी त्याचा भाग आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

मात्र इथल्या सरकारने बाँडच्या बाबतीत एक शहाणपण दाखवलं, ते घेण्यासारखं आहे. इथेही वैद्यकीय शिक्षणाच्या 28.5 टक्के अनुदानित जागांवर बाँड आहे. पूर्वीचे करार कडक होते, काहींत सहा वर्षं सलग. 2020 पासून नियम असा की तीन वर्षं ग्रामीण सेवा, पण ती पुढच्या 18 वर्षांत केव्हाही, तुकड्यातुकड्यांनी, तज्ज्ञ झाल्यावरसुद्धा. म्हणजे बालरोगतज्ज्ञ झालेली बाई पस्तिसाव्या वर्षी गावात जाते आणि तिथल्या मुलांना बालरोगतज्ज्ञ मिळते. आपल्याकडे कोऱ्या एमबीबीएसला पाठवून त्या गावाला काय मिळतं?

भाचीने मला गेल्या आठवड्यात विचारलं, "मावशी, खरं सांग, रेडिओलॉजीसाठी ड्रॉप घेऊ, का इंग्लंडची पीएलएबी देऊ?" पीएलएबी म्हणजे बाहेर शिकलेल्या डॉक्टरांना तिथे काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. इंग्लंडबद्दल मी तिला जे आहे ते सांगितलं. 2025 मध्ये तिथे तज्ज्ञ प्रशिक्षणाच्या साधारण 10 हजार जागांसाठी 30 हजारांहून जास्त अर्ज होते, आणि तिथल्या सरकारने आपल्याच पदवीधरांना आधी जागा द्यायचं जाहीर केलं आहे. इथून पुढे ती वाट आमच्या वेळेसारखी राहणार नाही. इकडे भारतात एमबीबीएसच्या जागा 2014 पूर्वीच्या 51 हजारांवरून दुपटीच्या पुढे गेल्या आहेत, नीट-पीजीला दोन लाखांहून जास्त मुलं बसतात. रेडिओलॉजी आवडत असेल तर जरूर घे, असं मी म्हटलं. पण ती आवडते का, हे तिला सांगता आलं नाही. सगळे तीच घेतात, एवढंच तिला माहीत होतं. वॉर्डात तिला सर्वात जास्त काय आवडतं असं विचारलं तर ती म्हणाली, लेबर रूम.

मी तिला सांगितलं की प्रसूतीत एमएस कर किंवा डिप्लोमा कर, आणि बाँडला घाबरू नकोस, पण जाण्याआधी जिल्हा रुग्णालयात काही महिने काढायची मागणी तुम्ही सगळ्या विद्यार्थ्यांनी आणि इंटर्ननी मिळून आत्ताच लेखी करा. जिल्हा शल्यचिकित्सकाला द्या, अधिष्ठात्यांना द्या, आणि एक प्रत खासदार-आमदारांकडे. अर्जाचा मसुदा तिने परवा पाठवला. त्यात रात्रीच्या फोनचा मुद्दा राहिला होता, तो मी घालून परत पाठवला आहे.