6.81 लाख कोटी म्हणजे पाच शेअर नव्हेत

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘सरकारने संरक्षणाला 6.81 लाख कोटी दिले, हा सगळा पैसा या पाच कंपन्यांकडे जाणार. ऑर्डर बुक फुल्ल. सरकारी कंपनी बुडत नसते. आता युरोपही आपल्याकडूनच घेणार. एफडीत पैसे कुजवू नका!’ खाली पाच नावं आणि भलामोठा तिरंगा. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण सैन्यातून निवृत्त झालेले आमचे मामा हा मेसेज वाचून एफडी मोडायला निघालेत, तेव्हा गप्प बसवेना.

‘सगळा पैसा’ म्हणजे नेमका किती, ते आधी बघू. 2025-26 च्या अर्थसंकल्पानंतर संरक्षण मंत्रालयाने काढलेलं प्रसिद्धिपत्रक नेटवर कुणालाही सापडेल. एकूण 6,81,210 कोटी. त्यातले 1,60,795 कोटी पेन्शनचे. 3 लाख 11 हजार कोटींहून जास्त पगार, रेशन, इंधन, देखभाल असल्या रोजच्या खर्चाला. भांडवली खर्चाला, म्हणजे शस्त्रं, विमानं, जहाजं असल्या खरेदीला, 1,80,000 कोटी. त्यातून आधुनिकीकरणाला 1,48,722 कोटी आणि त्यापैकी देशी खरेदीसाठी राखलेले 1,11,544 कोटी. देखभालीच्या पैशातूनही सुटे भाग, दारूगोळा घेतला जातो, मान्य. तरी देशातल्या झाडून सगळ्या कंपन्यांसाठी राखलेल्या या रकमेपेक्षा पेन्शनचा आकडा मोठा आहे! या बजेटचा खात्रीचा लाभार्थी शोधायचाच असेल तर मामांनी स्वतःचं पासबुक उघडावं. शिवाय त्या 1,11,544 कोटींतला बराच भाग आधीच झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. नव्या बजेटमुळे नवी लॉटरी लागली, असं काही नसतं.

ऑर्डर बुक, म्हणजे कंपनीच्या हाती असलेल्या ऑर्डरींची यादी, फुल्ल आहे, हे खरं. पण ऑर्डर म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीला 83 तेजस मार्क-1ए लढाऊ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी 2021 मध्ये मिळाली. विमानं 2024 च्या सुरुवातीपासून द्यायची होती. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, आणि तेच वेळेवर येईना. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, तोवर हवाई दलाला एकही मार्क-1ए मिळालेलं नव्हतं. नाशिकच्या कारखान्यातलं पहिलं विमान उडालं ते ऑक्टोबरात. आणि गंमत बघा, मिगच्या निरोपाच्या आदल्याच दिवशी आणखी 97 विमानांचा 62,370 कोटींचा करार झाला. ऑर्डर बुक आणखी फुगलं, तोवर हाती आलेलं विमान शून्य.

‘सरकारी कंपनी बुडत नाही.’ नसेल बुडत, पण तुम्ही घेतलेल्या शेअरचा भाव बुडतो ना! याच कंपनीचा शेअर जुलै 2024 मध्ये 5,600 रुपयांच्या वर होता आणि मार्च 2025 च्या सुरुवातीला 3,100 च्या खाली. मधे 1 फेब्रुवारीला संरक्षणाची तरतूद साडेनऊ टक्क्यांनी वाढली होती. बजेट वर, शेअर खाली. कारण बजेट वाढणार हे बाजाराला आपल्या आधी कळलेलं असतं आणि ते भावात कधीच धरलेलं असतं.

युरोपचं एका वाक्यात सांगतो: नाटो या लष्करी आघाडीने 2035 पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या 5 टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठेवलंय, पण युरोपीय संघाच्या 150 अब्ज युरोंच्या कर्ज योजनेत घ्यायच्या मालाचा किमान 65 टक्के हिस्सा युरोपातलाच हवा, अशी अट आहे.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. 2020 मध्ये युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉक या सरकारी कंपनीचा आयपीओ, म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअरविक्री, 145 रुपयांना आला होता. तो घेऊन जे बसून राहिले त्यांनी खरोखरच रग्गड कमावलं. संरक्षण निर्यातही 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली. धंदा वाढतोय, यात वाद नाही. पण 145 ला घेणं वेगळं आणि आज मेसेज वाचून घेणं वेगळं.

तेव्हा मामा, बँकेत जाण्याआधी तो मेसेज परत एकदा वाचा. पाच नावं आहेत, पण कुठला शेअर कितीला घ्यायचा ते एकापुढेही लिहिलेलं नाही. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज कापलं जाईल, त्याचा उल्लेख नाही. आणि सल्ला देणाऱ्याचा सेबी या शेअर बाजार नियामकाकडचा नोंदणी क्रमांक तर शोधूनही सापडायचा नाही.