ओळख प्रवाही असते. पण तुम्ही नेमके कुठले?

परवा एका व्याख्यानाला पावणेदोन तास बसून आलो. तेव्हापासून मनात आहे, सांस्कृतिक सिद्धान्तावर बोलू पाहणाऱ्या होतकरूंना चार युक्त्या सांगाव्यात.

सुरुवात 'ओळख प्रवाही असते' अशीच करा. म्हणताना हात लाटेसारखा हलवा. हात हलला की पुरावा लागत नाही.

संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलचं नाव घ्या, वाचू मात्र नका. ओळख ही 'असण्या'इतकीच 'होण्या'ची गोष्ट आहे, असं तो १९९०च्या निबंधात म्हणतो खरा. पण त्याच दमात इतिहास आणि सत्ताही आणतो. प्रवाहाला काठ निघाले की हात कसा हलवणार?

'व्यूहात्मक सारतत्त्ववाद', म्हणजे लढ्यापुरतं 'आपण सगळे एकसारखे' असं मानून चालणं, न अडखळता म्हणता आलं की झालं. ही कल्पना मांडणाऱ्या विचारवंत गायत्री स्पिवाकबाईंनीच पुढे त्यातून अंग काढून घेतलं, हे कोण विचारतंय!

लिंगभाव आपण वागण्यातून घडवत राहतो, असं मांडणाऱ्या जुडिथ बटलरचा सारांश असा सांगा: सकाळी कपाट उघडावं, आज कोणता लिंगभाव घालायचा ते ठरवावं. हाच गैरसमज १९९३च्या पुस्तकात बटलर यांनी स्वतः खोडून काढलाय. असू दे. टाळ्या पडतात.

इंटरसेक्शनॅलिटीसाठी, म्हणजे वंश, लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येऊन आदळतात या कल्पनेसाठी, एकमेकांत घुसलेली रंगीत वर्तुळं दाखवा. आमच्या वक्त्यांनी सहा दाखवली, जांभळं जरा जास्तच मोठं. त्या वर्तुळांखाली पाच बायकांच्या नोकऱ्या आहेत हो! अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं १९६४पूर्वी काळ्या स्त्रियांना घेतलंच नव्हतं. मग मंदीत नियम लागला, उशिरा आलेले आधी बाहेर. पाचजणी कोर्टात गेल्या. १९७६ साली कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका आहेत की. आणि वंशाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडा, दोन्हींची मोट बांधू नका. बायका होत्या, पण गोऱ्या! काळे होते, पण पुरुष! या दोन खणांच्या मधून ज्या खाली पडल्या, त्यांच्यासाठी १९८९मध्ये कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द घडवला. आणि तुम्ही त्याची रांगोळी करता?

हेच मी उभं राहून विचारलं. वक्ते हसले. "आधी सांगा, तुम्ही नेमके कुठले?" सांगितलं. "वाटलंच," म्हणाले आणि माईक पुढे गेला.

अहो, वाटलंच म्हणजे काय? प्रश्न खटल्याबद्दल होता, माझ्याबद्दल नव्हता. तासभर ज्या खणांवर आगपाखड केलीत, त्यातल्याच एकात मला कोंबून मोकळे झालात. खटला वाचला नव्हता, तर तसं सांगायचं होतंत. आता तरी वाचा. आणि तोवर ती वर्तुळं काढून ठेवा.