‘आधी लॅब बघून या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

कांडवेल म्हणजे हाडं जुळायला वापरतात ती वेल, आणि मूलपेशी म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या. कांडवेलीच्या अर्काने मूलपेशी वाढतात आणि हाडाच्या पेशींकडे वळतात, या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लॅबमधल्या बशीत पेशी वाढल्या म्हणून माणसाचं हाड जुळत नाही, नको त्या पेशीही वाढू शकतात, असे लेख वाचूनच लोक लाखो रुपये उकळणाऱ्यांच्या दारात जातात. आणि शेवटी हे वाक्य: ‘आजीबाईचा बटवा मायक्रोस्कोपखाली धरला म्हणून त्याचं विज्ञान होत नाही. आधी लॅब बघून या.’

आपण मुद्दे मांडले असते तर मी आनंदाने बोललो असतो. पण हे शेवटचं वाक्य मुद्दा नाही, तो टोमणा आहे.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी 11 वर्षं पेशी वाढवल्या आहेत. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, बदलायचा म्हणजे बदलायचा, मग लक्ष्मीपूजन असो की घरी कुणी आजारी असो. इन्क्युबेटर 37 अंशांवर, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के. मूलपेशींना हाडाच्या वाटेला लावायचं तर मीडियात डेक्सामेथासोन, व्हिटॅमिन सी आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालतात, आणि तीनेक आठवडे वाट बघतात. काही खान्यांत त्याबरोबर कांडवेलीचा अर्कही घातला होता. एकदा हा अर्क नीट गाळला गेला नव्हता. 16व्या दिवशी सकाळी दार उघडलं तर प्लेटच्या सगळ्या खान्यांत बुरशीचे पांढरे पुंजके. सगळं ब्लीचमध्ये ओतून पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला 21व्या दिवशी ॲलिझरीन रेड घातलं आणि धुतलं. हा रंग कॅल्शियम साठलेलं असेल तिथेच धरतो. नुसत्या मीडियाच्या खान्यात तुरळक ठिपके होते, अर्काच्या खान्यात कुंकू सांडल्यासारखं लाल. ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि मला सांगता, लॅब बघून या?

हे एकट्या माझंच निरीक्षण नाही. कांडवेलीच्या अर्काने अस्थिमज्जेतल्या मूलपेशींची वाढ होते आणि त्या हाडाच्या पेशींकडे वळतात, असा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. तो मी मूळ लेखात सांगितला होता. आपण तिथपर्यंत वाचलं होतंत का, अशी शंका येते.

आता ‘आजीबाई’. माझी आजी संगमेश्वरजवळच्या एका वाडीत राहायची. कुणाचं हाड दुखावलं की कांडवेल ठेचून लेप बांधायची. कांडवेल कच्ची तोंडात घातली तर घसा खवखवतो, म्हणून चिंच घालून शिजवायची, हेही मी तिच्याकडूनच शिकलो. बाबा आंब्यावरून पडले तेव्हा मनगट तिनेच बांधलं होतं. आज 78व्या वर्षी ते त्याच हाताने नारळ सोलतात. तिला बटव्यात बंद करून हसायचं असेल तर ते माझ्या पानावर नको.

आणि झाडपाल्याची एवढी शिसारी असेल तर डॉ. मनसुख वाणी यांचं काय करणार? नंदुरबारला जन्मलेला हा माणूस. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरविरोधी रसायन वेगळं काढलं, ते 1966 मध्ये प्रसिद्ध झालं. मग पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध, त्याची रचना 1971 मध्ये. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. कॅन्सरच्या वॉर्डात टॅक्सॉल सलाइनमधून चढतं तेव्हा ‘हा झाडपाला आहे’ म्हणून कुणी सुई काढायला लावत नाही. तिथेही सुरुवात अर्कापासूनच झाली होती ना?

एक गोष्ट मात्र मान्य. लेखात दोन ठिकाणी मी ‘काढा’ लिहिलं, ते चुकलं. 2009च्या त्या अभ्यासात पेट्रोलियम ईथर या द्रावकातला अर्क होता, पाण्यात उकळलेला काढा नव्हे. शीर्षकातही ‘उपचार’ऐवजी ‘संशोधन’ हवं होतं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2013 मध्ये मूलपेशींवरच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातून ‘थेरपी’ हा शब्द काढला, तो उगाच नाही. चूक दाखवल्याबद्दल आभार. पण तेवढंच सांगायला चार ओळी पुरल्या असत्या.

बाकीच्या गोष्टींत फार शिरत नाही. नको त्या पेशी वाढण्याचा धोका या क्षेत्रातल्या कुणालाही नवा नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. बशी आणि माणूस यांतला फरक मला कळतो. आणि लाखो रुपये उकळणाऱ्यांचं म्हणाल, तर मी कुणाचा पत्ता दिलेला नाही, कुणाकडे जा असंही म्हटलेलं नाही. त्यांच्या पापाची पावती माझ्या नावावर फाडू नका.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘काढा’च्या जागी ‘अर्क’ आणि शीर्षकात ‘संशोधन’ आज सकाळीच केलंय. शेवटच्या दोन वाक्यांचं काय करायचं, ते तुम्ही बघा.