‘बिअरने लिव्हर खराब होत नाही’ : खुलासा

‘लिव्हर खराब करते ती देशी. बिअर म्हणजे जवाचं पाणी, उन्हाळ्यात उलट चांगली.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा दावा चुकीचा आहे.

यकृताला बाटलीवरचं लेबल कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, आणि ते सगळ्या दारूत एकच. हिशेब करून बघा. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या दोन पेगमध्ये साधारण ५१ मिली. म्हणजे ‘एकच बिअर घेतली’ म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग घेतलेले असतात!

यकृत इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी रसायन पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं, त्यात बिअर आणि वाइनही आली. दारूने यकृतात चरबी साठते तेव्हा बहुतेकदा काही दुखत नाही, म्हणून तर हा गैरसमज टिकून राहतो.

हातभट्टीचा एक धोका मात्र खरंच वेगळा आहे : मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची भेसळ. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती त्यानेच. पण ती भेसळ नसली, तरी बाटलीतलं इथेनॉल आपलं काम करतच राहतं.